लुएलाबाईंच्या विमानातून लग्नाला

ती. कातालिनताईस,

धाकट्या ग्रातियनचा नमस्कार. (खरं तर आशीर्वाद देणं हा माझा धंदा. पण लहानपणी तू माझे कान धरून मला न्हाऊ घातलेलं आहेस, त्यामुळे तुला आशीर्वाद द्यायला माझा हात अजून वर उठत नाही.) तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींचा खोकला गेला का, की तो आता घरातलाच झाला? मागे तू लिहिलं होतंस की ते अजून रोज दवाखान्यात जातात आणि लोकांचे डोळे तपासता तपासता स्वतःचा चष्मा हरवून येतात. त्यांना माझा नमस्कार सांग. तू पाठवलेले लोकरीचे मोजे मिळाले. छान आहेत. म्हणजे एक छान आहे. दुसरा सध्या पेयो उगाल्देच्या तळ्यात गाडला गेलेला आहे, आणि माझी पाठ अशी धरली आहे की रविवारी वेदीपुढे वाकलो तो तसाच राहिलो. लोकांना वाटलं, फादर आज फार भक्तीत आहेत.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. थकलोय गं मी. देवाच्या कामाने नव्हे, देवाच्या कामाला पोचण्याने. तुला आठवतं, बिशपनी मला ही पॅरिश दिली तेव्हा नकाशावर नुसतं बोट ठेवलं होतं. त्यांचं बोट चांगलंच जाड. त्या बोटाखाली किती डोंगर, किती वाळवंट आणि किती कोरडी तळी दबली होती ते मला इथे आल्यावर कळलं. माझे भक्त एकमेकांपासून इतके लांब राहतात की त्यांना भांडायचं झालं तरी आधी फोन करून वेळ ठरवावी लागते. रस्ते आहेत, पण पाऊस पडला की ते जातात आणि पाऊस नसला की त्यांची धूळ होऊन तेही उडून जातात. मग उरतं ते लुएलाबाईंचं विमान.

लुएला टिंगली हे नाव मी तुला पूर्वी लिहिलं असेल. त्र्याहत्तर वर्षांची बाई, उंच, काटक, आवाज असा की गुरं लांबूनच वळावीत. त्यांचे यजमान व्हर्नन गेले तेव्हा सगळे म्हणाले, आता ते विमान विकून टाका आणि गुरं सांभाळा. बाईंनी गुरं विकली आणि विमान सांभाळलं. तेव्हापासून त्या आजूबाजूच्या रँचवर औषधं, टपाल, पंपाचे सुटे भाग आणि मी, असा माल पोचवत असतात. आमच्याकडे धावपट्टी म्हणजे गावाबाहेरची ती एक. बाकी सगळीकडे कोरड्या तळ्याच्या पात्रातच उतरायचं. (एकदा त्यांनी मागच्या बाजूला एक एडका बांधून नेला होता. एडका आणि मी यांत त्यांना एडका बरा वाटला, कारण तो वाटेत जपमाळ काढत नाही, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं.)

तर गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचा, नेडीनचा, एल्कोहून फोन आला. रडवेली झाली होती. म्हणाली, "फादर, आईला सांगा ना, पुरे झालं आता उडणं. ती माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल." ताई, मी इथे अकरा वर्षं प्रवचन करतोय. माझं कोणी ऐकतं असा पुरावा अजून सापडलेला नाही. पण पोरगी रडत होती, मी हो म्हणून बसलो. आता सांगायचं कुठे? बाईंच्या घरी सांगितलं तर त्या दार उघडून मला बाहेर काढणार. चर्चमध्ये सांगितलं तर त्या स्वतः उठून जाणार. मग मला एक युक्ती सुचली, आणि मी मूर्ख आहे हे तू लहानपणापासून सांगत आलीस ते किती खरं आहे बघ. मी ठरवलं की आकाशात सांगायचं. तिथून त्या उठून कुठे जाणार? (मी कुठे जाणार, हा प्रश्न मला वर गेल्यावर सुचला.)

निमित्तही आयतंच आलं. पेयो उगाल्देच्या मुलीचं, मिरेनचं लग्न. डोंगरापलीकडे त्यांची मेंढ्यांची रँच. सप्टेंबरातल्या ढगफुटीने तिकडचा रस्ता धुऊन नेला होता, पाहुणे आदल्या आठवड्यातच घोड्यांवरून जाऊन राहिले होते, उरलो होतो मी. पेयोने फोनवर सांगितलं, "या बिनधास्त, तळं बिस्किटासारखं वाळलंय." लुएलाबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "पेयो, त्यावर चालून बघितलंस की खिडकीतून बघितलंस?"

"लग्नघरात माणसाला चालायला वेळ असतो का बाई?"

"म्हणजे खिडकीतून. बरं, कडेला तुझा ट्रक उभा करून ठेव, आणि एका काठीला कापड बांध, वारा दिसायला हवा मला." आणि फोन ठेवून मला म्हणाल्या, "लग्नघरातल्या माणसाचं हवामानावर आणि जावयावर मत विचारू नये."

निघालो. सकाळ छान होती, असं म्हणायची पद्धत आहे. मी झगा गुडघ्यापर्यंत खोचून, मांडीवर पवित्र भाकरी-द्राक्षारसाची मिस्साची पेटी घेऊन बसलो होतो. डोंगर ओलांडल्यावर मी घसा साफ केला आणि सुरुवात केली की लुएलाबाई, माणसाच्या आयुष्यात एक वेळ अशी येते की...

"नेडीनने फोन केला ना?"

"हो."

"किती रडली?"

"बरीच."

"माझ्यासमोर रडत नाही. माझ्यासमोर भांडते." आणि त्यांनी इंजिनाचा आवाज वाढवला. मी मनात म्हटलं, चला, कर्तव्य झालं. माझी कर्तव्यं ही अशीच होतात.

तळं दिसलं. तू असली तळी पाहिली आहेस, लहानपणी बाबा मेंढ्या घेऊन जायचे त्या वाटेवर. खालून बघायला बरी वाटतात. वरून मात्र असं दिसतं की देवाने तिथे काहीतरी लिहायचं ठरवलं होतं आणि मग कंटाळा केला. बाईंनी तळ्यावरून एक मोठी फेरी घेतली आणि मला विचारायला लागल्या. अलीकडच्या बाजूचा रंग कसा आहे? मी म्हटलं, पिकलेल्या गव्हासारखा. भेगा दिसतात का, कासवाच्या पाठीसारख्या? दिसतात. मध्ये कुठे काळपट? मध्ये मला जरा बदामी वाटतंय. "बदामी म्हणजे वरती साय आणि खाली खीर," त्या म्हणाल्या. "तिकडे जायचं नाही. गाड्यांच्या चाकोऱ्या आहेत का कुठे? खोल आहेत की नुसत्या रेघा?" मला वाटलं, बाई मला शिकवताहेत. मला बरंही वाटलं. या वयात मला कोणी काही शिकवायला जात नाही. मी उत्साहाने उत्तरं देत राहिलो, मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर बसवलेल्या विद्यार्थ्यासारखी.

मग त्या खाली आल्या. मला वाटलं, उतरलो. पण त्या उतरत नव्हत्या. चाकं जमिनीला नुसती लावून, विमानाचं वजन पंखांवरच ठेवून, जमीन काय म्हणते ते ऐकत होत्या. जमीन वाईट बोलली. कोणीतरी मागून शेपूट धरावी तसं विमान ओढलं गेलं, माझं डोकं पुढे आपटलं, काचेवर चिखलाचे शिंतोडे उडाले, आणि बाईंनी इंजिनाला सगळी ताकद देऊन आम्हांला पुन्हा वर काढलं. तळ्याची कड आणि तिथली झुडपं माझ्या बुटांखालून गेली. मी त्या वेळी जी प्रार्थना केली ती कुठल्याच पुस्तकात नाही, आणि नसलेलीच बरी.

"मागे बघा," त्या म्हणाल्या. "चाकांचा माग कसा आहे?"

मी बघितलं. नांगराने काढावेत तसे दोन चर, आणि त्यांत चमकणारं पाणी.

"पाणी आहे," मी म्हटलं.

"मग बिस्कीट चहात पडलंय," असं म्हणून त्यांनी विमान दुसऱ्या टोकाकडे वळवलं. तिथे उगाल्देचा ट्रक उभा होता, आणि काठीला लग्नाचा टेबलक्लॉथ बांधून कोणीतरी फडकवत होतं. तिथली जमीन फिकट होती, भेगाळ होती, आणि बाई म्हणाल्या, "आता फादर, सावलीकडे बघा. आपली सावली. तुमच्या बाजूला आहे. ती आपल्याला भेटायला येते. किती लांब आहे ते बोलत राहा."

"घराएवढी लांब. ट्रकएवढी. लुएलाबाई, तुम्ही बघत नाही का?"

"बोलत राहा."

"मेंढीएवढी. कुत्र्याएवढी. आली!"

मी "आली" जरा लवकर म्हणालो. त्यामुळे आम्ही उतरलो, मग पुन्हा वर गेलो, मग पुन्हा उतरलो, आणि एकदा सवयीने आणखी उतरलो. पण या वेळी जमिनीने धरलं नाही. विमान घरंगळत चाललं, हळू होत गेलं, आणि मी डोळे मिटून देवाचे आभार मानायला लागलो. (आभार जरा थांबून मानावेत हे मी आता शिकलोय.) पेयो ट्रकजवळ उभा राहून दोन्ही हातांनी "इकडे, इकडे" करत होता. बाई तिकडे वळल्या, आणि ट्रकपासून हाकेच्या अंतरावर वरची साय फुटली. डावं चाक कण्यापर्यंत खाली गेलं, विमान गरकन वळून थांबलं, पंख कलला, आणि मिस्साची पेटी माझ्या पोटात घुसली.

इंजिन बंद झालं. ताई, असल्या तळ्यावरची शांतता काय असते ते तुला माहीत आहे. माझ्याच श्वासाचा मला त्रास व्हायला लागला. बाई समोर बघत होत्या. "चाक किती खाली गेलंय?" त्यांनी मला विचारलं. चाक त्यांच्याच खिडकीखाली होतं. तेव्हा मला समजलं. मी म्हटलं, "तुम्हाला दिसत नाही."

"दिसतं. लांबचे डोंगर दिसतात. धुक्यातून दिसतात. पांढऱ्यावर पांढरं असलं की जमीन कुठे सुरू होते ते कळत नाही." आणि म्हणाल्या, "मार्चपासून. हे कन्फेशन समजा फादर, म्हणजे तुम्ही कोणाला सांगणार नाही."

"कन्फेशनला पश्चात्ताप लागतो. आहे का?"

त्यांनी खरंच विचार केला. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नाही. "नाही," म्हणाल्या.

"मग या नुसत्या गप्पा झाल्या." (म्हणून तर मी तुला हे लिहू शकतोय.) आणि मग मला राग आला, ताई. मला राग येत नाही म्हणून तू आईकडे माझी स्तुती करायचीस, पण त्या दिवशी आला. मी ओरडलो. म्हटलं, मार्चपासून मी या विमानात बसतोय, ईस्टरला बसलो, म्हाताऱ्या एचार्टच्या अंत्यविधीला बसलो, आणि तुम्हाला जमीन दिसत नव्हती? आणि तरी तुम्ही मला नेलंत?

"तुम्ही बघता म्हणून तर नेलं. एकटी असले की मी गावच्या धावपट्टीखेरीज कुठे उतरत नाही, टपालही तुमच्या फेरीलाच नेते. तिथे रंगवलेली रेघ आहे, कुंपण आहे, ते मला पुरतं. बाकीचे लोक विमानात बसले की डोळे मिटतात नाहीतर गप्पा मारतात. तुम्ही एवढे घाबरता की डोळे ताणून सगळं बघता आणि विचारलं की खरं सांगता. तुमच्यासारखा माणूस मिळत नाही फादर."

आयुष्यात माझ्याविषयी जे चार चांगले शब्द कोणी बोललं असेल त्यांत हे धरावेत की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

मी विचारलं, डॉक्टरांना का दाखवलं नाही. त्या म्हणाल्या, डॉक्टरकडे गेलं की तो बघतो, बघितलं की लिहितो, लिहिलं की उडणं बंद. आणि मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "व्हर्नन गेला तेव्हा घरात बसून बघितलं होतं मी. जमलं नाही." मी पोटातली पेटी काढून पुन्हा मांडीवर ठेवली. प्रवचनात मी असल्या जागी एखादं वचन टाकून पुढे जातो.

तेवढ्यात पेयो आम्हांला ओढून काढायला ट्रक घेऊन आला आणि आमच्याशेजारी येऊन रुतला. ट्रक विमानापेक्षा खोल गेला. तो काळ्या सुटात होता. खाली उतरून त्याने आधी विमानाकडे, मग ट्रककडे, मग आपल्या बुटांकडे बघितलं आणि म्हणाला, "खिडकीतून कोरडं दिसत होतं." लुएलाबाई म्हणाल्या, "खिडकीतून तर तूही शहाणा दिसतोस." मग सगळं वऱ्हाड आलं. चालत आलं, कारण आणखी गाड्या आणायला बाईंनी बंदी केली. फावडी आली. चाकाखाली घालायला फळ्या हव्या होत्या, आणि त्या रँचवर फळ्या एकाच जागी होत्या: नाचासाठी अंगणात नवीकोरी लाकडी जमीन ठोकली होती तिच्या. नवऱ्या मुलाने स्वतः ती उखडली. नवरी मुलगी, मिरेन, झगा कमरेला खोचून, आईचे रबरी बूट घालून फळी धरून उभी होती आणि हसत होती. मला सांगायला लाज वाटते, पण मी झगा, बूट आणि तुझे मोजे अशा थाटात गुडघाभर चिखलात उतरून ढकलत होतो. विमान बाहेर आलं. माझा डावा पायही आला. बूट नंतर हाताने उकरून काढला. मोजा नाही.

लग्न लागलं. उशिरा लागलं, पण लागलं. वधूवर आणि पुरोहित सारखेच मळलेले होते, त्यामुळे कोणी कोणाला हसलं नाही. मटणाचा रस्सा, लाल घेवडा, खड्ड्यात भाजलेला तो आपला मोठा पाव, सगळं होतं. नाच मातीवर झाला. लुएलाबाई नाचल्या. प्रत्येकाबरोबर नाचल्या, आणि मी कोपऱ्यात बसून बघत होतो की त्या माणसाचा हात हातात आला की मगच त्याच्याकडे चेहरा वळवतात. इतके महिने हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी रस्स्याची वाटी तशीच खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड हवेत निघायचं होतं. (ऊन चढलं की हवा पातळ होते आणि विमान जमीन सोडायला कुरकुरतं.) मी बाईंना म्हटलं, मी बसतो, कारण इथून दुसरी वाट नाही. पण आज धावपट्टी मी ठरवणार. आम्ही दोघं तळ्यावर चालत गेलो. मी दर काही पावलांवर टाच आपटून बघत होतो आणि त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होत्या. जिथे टाचेचा नुसता ठसा उमटत होता तिथून जिथे ती रुतत होती तिथपर्यंत आमची धावपट्टी. शेवटाला मी पेयोला टेबलक्लॉथ घेऊन उभं केलं.  परत फिरताना बाई म्हणाल्या, "बरं चालता तुम्ही. व्हर्नन घाई करायचा."

वर गेलो, घरी आलो, रंगवलेल्या रेघेवर उतरलो. मी तरीही घसा बसेपर्यंत सावली सांगत होतो. उतरल्यावर मी पेटी उचलून घरी गेलो. जे बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं, आणि ताई, मी थकलो होतो. रविवारी मिस्साला त्या नेहमीच्या जागी बसल्या. दान गोळा करणारी थाळी फिरून माझ्यापुढे आली, तेव्हा नोटांवर विमानाची किल्ली ठेवलेली होती. ती उचलायलाच मी वेदीपुढे वाकलो होतो, आणि तेव्हाच पाठ धरली. मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. त्या गाणं म्हणत होत्या, बेसूर, मोठ्याने, पुस्तक उलटं धरून.

असो. माझी पाठ शेकतोय. तुला आणि दाजींना सांभाळून राहा असं सांगतो, स्वतःला सांगायला तोंड नाही.

तुझा,
ग्रातियन

ता. क. मुख्य काम राहिलंच. दाजींना म्हणावं, लुएलाबाईंचे डोळे बघायचे आहेत. मला तो मोतीबिंदू वाटतो, पण माझ्या वाटण्यावर मी अलीकडे चिखलात गेलेलो आहे. बाईंना मी सांगितलंय की माझेच डोळे बिघडलेत आणि रीनोला दाजींच्या दवाखान्यात यायला सोबत हवी. म्हणून दाजींनी आधी माझे डोळे गंभीर चेहऱ्याने तपासावेत, आणि मग सहज सुचल्यासारखं म्हणावं की बाई, आलाच आहात तर तुमचेही बघू. नेडीनला एवढ्यात कळवू नकोस.

ता. क. दुसरा. आज पेयो भेटला होता. तो म्हणाला, असल्या विमानांना दोन किल्ल्या असतात, म्हणजे दुसरी अजून बाईंकडेच. तेव्हा पुढच्या महिन्यातली वेळ नको, याच आठवड्यातली हवी.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात बाई स्वतःच आल्या. म्हणाल्या, "फादर, तुम्हाला खोटं बोलता येत नाही, डोळे माझेच दाखवायचेत ना?" मी हो म्हटलं.  मग म्हणाल्या, येते. पण त्यांची अट एकच आहे: मी गाडी चालवायची नाही, तिकिटं बसची काढायची. माझ्या शेजारी गाडीत बसायला त्यांना जिवाची भीती वाटते.